रिकाम्या तारखा

सोमनाथ गेला तो ऐन आवणीत, भाताची रोपं लावायच्या दिवसांत. बांधावर तुटून पडलेल्या विजेच्या तारेवर त्याचा पाय पडला. घोटीजवळच्या त्या घरात मागं उरली त्याची बायको दीपमाला, आई चिमणाबाई अन् अंगणातलं पाऊस मोजायचं यंत्र.

नाशिकच्या एका संस्थेसाठी सोमनाथ रोज सकाळी यंत्रातल्या बाटलीचं पाणी मोजून ओतून द्यायचा अन् आकडा लॅपटॉपवर चढवायचा. त्यानं पायथॉनमध्ये लहानसा प्रोग्रॅम लिहून ठेवला होता. जुन्या फाईलला धक्का न लावता नवा आकडा शेवटी जोडणारा. बारावी सायन्स झालेली दीपमाला बघूनबघून ते शिकली होती. माणूस गेला, त्याची फाईल तरी थांबू द्यायची नाही, एवढंच तिनं मनाशी धरलं.

पण सुतकात चिमणाबाईनं अडवलं. "त्या यंत्राला शिवू नको, बाई. त्याच्या हातचं हाय ते."

तेरावं झाल्यावर दीपमालानं झाकण काढलं. बाटली भरून बाहेर वाहिली होती. उरलं तेवढं पाणी तिनं मोजलं, त्याच दिवसावर मांडलं, मागच्या तारखांना शून्य घातलं अन् प्रोग्रॅम चालवला.

संस्थेतल्या निकिता मॅडमचा फोन आला. "वहिनी, घोटीत ढगफुटी झाली अन् आम्हाला पत्ताच नाही?"

दीपमालानं सगळं सांगितलं.

"शून्य काढा, वहिनी. शून्य म्हणजे पाऊस पडला नाही. तो मोठा आकडाही काढा, तो कुठल्या एका दिवसाचा नाही. त्या तारखा रिकाम्या राहू द्या."

"मग फाईल बंद कराल का?"

"नाही हो. उद्याचा आकडा पाठवा."

दीपमालानं आकडे पुसले. लॅपटॉपच्या पडद्यावर आलेखातली पावसाची रेघ चालत आली अन् मधेच तुटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती यंत्रापाशी वाकली, तर डोक्यावर छत्री आली. मागं चिमणाबाई उभी होती. घरात येऊन दीपमालानं आकडा जोडला तशी रेघ त्या खिंडाराच्या पलीकडं पुन्हा उगवली.

म्हातारीनं पडद्यावरच्या खिंडारावर बोट टेकवलं. "लय पाऊस झाला व्हता गं तवा. म्याच आडवलं तुला."

"तुम्ही नसतं आडवलं, आत्याबाई, तरी मी कुठं उठणार होते?"

"मग आता जोडून टाक ना मधलं."

"नाय जोडता येत," दीपमाला म्हणाली.

म्हातारीचं बोट तिथंच राहिलं.