फुकट शिकलेल्यांची चर्चा

अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष कोण होतो याच्याशी तुमचं काय देणंघेणं, असं मला इथं जर्मनीत, आखनमध्ये सगळ्यांनी विचारून झालं. मुलानं विचारलं, सुनेनं विचारलं. खालच्या मजल्यावरच्या जर्मन म्हातारीनंही हातवारे करून तेच विचारलं असावं, कारण त्या दिवशी माझा आवाज जिन्यातून खाली गेला होता. देणंघेणं होतं. काय होतं ते लिहितो.

मी चौथी शिकलेला माणूस. चंद्रपूरकडच्या कोळसा खाणीत पंप खलाशी होतो, म्हणजे खाणीत साचलेलं पाणी पंपानं बाहेर काढायचं. बायको वारल्यावर मुलगा मला तीन महिन्यांसाठी इकडे घेऊन आला. तो गाड्यांच्या इंजिनांचा इंजिनियर. साल २०१९. अमेरिकेत निवडणुकीची तयारी चालू होती आणि एका उमेदवारानं मोठमोठ्या योजना मांडल्या होत्या. कॉलेज सगळ्यांना फुकट, दवाखाना फुकट, पैसा श्रीमंतांवर कर लावून आणायचा. कोळसा बंद, पेट्रोलच्या गाड्या बंद, वीज वाऱ्यातून आणि उन्हातून काढायची. इथल्या मराठी लोकांपैकी एकालाही तिथं मत द्यायचा हक्क नव्हता, पण ज्याच्या घरी जेवायला जावं तिथं त्याच उमेदवाराचं कौतुक नाहीतर उद्धार.

कोलोनच्या मराठी मंडळानं मग त्यावर चर्चाच ठेवली. या योजना पेलतील की नाही पेलणार, अशा दोन बाजू. माझा मुलगा बोलतो चांगला, म्हणून त्याला ‘नाही पेलणार’ ही बाजू दिली.

आदल्या आठवड्यात जेवताना तो भाषण म्हणून दाखवत होता. कर्ज वाढेल, कारखाने पळून जातील, ते सगळं मी ऐकून घेतलं. मग तो म्हणाला, “फुकट मिळालेल्या शिक्षणाची माणसाला किंमत राहत नाही. स्वतःच्या खिशातून गेलं की मुलगा अभ्यास करतो.”

मी घास ताटात ठेवला.

“तुह्या शिक्षणाले कोणाचा खिसा होता?” मी विचारलं.

“बाबा, ही डिबेट आहे. बाजू नेमून दिलीये.”

“मी बाजू नाई विचारली. खिसा विचारला.”

सून म्हणाली, “अहो बाबा, जेवून घ्या ना आधी. आमटी गार होतेय.”

कसलं जेवतो. आठवीपासून या पोराला सरकारची स्कॉलरशिप. नागपूरला समाजकल्याणचं होस्टेल, तिथं जेवणसुद्धा फुकट. इंजिनियरिंगची सीट राखीव, फी माफ. आणि इथं आखनला आला तेव्हाही कॉलेजला फी नव्हती. सहा महिन्यांनी किरकोळ काहीतरी भरायचं, त्यातही बसचा पास मिळायचा. माझ्या पगारात तर त्याचे बूट आणि येण्याजाण्याचं भाडं, एवढंच निघालं. किंमत राहत नाही म्हणे. हा दिवा लावून पुस्तक उराशी धरून बसायचा, तेव्हा याची आई याला झोप म्हणून रागवायची. मी पाहिलंय.

“हेच सांगजो तिथं,” मी म्हणालो. “का मी असा शिकलो.”

तो सुनेकडे बघत म्हणाला, “तिथे कोणाला माहीत नाहीये.”

“काय माईत नाई?”

“राखीव सीटचं. होस्टेलचं. आपलं. मंडळात सगळ्या प्रकारचे लोक आहेत, बाबा. माझ्या ऑफिसातलेही आहेत. एकदा कळलं की माझं प्रत्येक काम लोक त्या चष्म्यातून बघतात. पुण्यात बघितलंय मी ते. इथे मला ते नको.”

म्हणजे पंधरा-सोळा वर्षं हा माणूस त्या लोकांत उठतो, बसतो, गणपतीच्या आरतीला टाळ्या वाजवतो, आणि आपण कोण ते सांगत नाही. मुलाच्या घरात बाबासाहेबांचा फोटो झोपायच्या खोलीत का आहे, बैठकीत का नाही, ते मला त्या दिवशी कळलं. मी ओरडलो. म्हातारी दारावर आली ती तेव्हा.

आता कोणी म्हणेल, म्हातारा त्या उमेदवारावर लट्टू झाला होता. अजिबात नाही. त्याच्या अर्ध्या योजनांवर माझा राग होता आणि तो मी लपवला नाही. माझी नात तेरा वर्षांची. दर शुक्रवारी शाळा बुडवून पाटी घेऊन रस्त्यावर उभी राहायची, कोळसा बंद करा म्हणून. तिला मराठी सगळं कळतं, पण तोंडातून जर्मन येतं, मग सून तिचं मला मराठीत सांगते.

“ती म्हणतेय, कोळसा म्हणजे गुन्हा आहे.”

“तिले सांग, तुह्या बापाच्या अंगात रक्त कमी आन् कोळसा जास्त हाये.”

नातीनं काही तरी ताडकन म्हटलं. सून हसायला लागली. “ती म्हणतेय, म्हणूनच पप्पा एवढे तापतात.”

पोरगी माझ्यावर गेलीय. मी तिला बाजूला बसवलं आणि म्हणालो, त्या उमेदवाराच्या योजनेत बघ, खाण बंद झाली की खाणीतल्या माणसाचं काय. तिनं फोनवर शोधलं. पगार काही वर्षं चालू ठेवणार, दवाखाना चालू ठेवणार, दुसरं काम शिकवणार, असं होतं. मी म्हटलं, पन्नाशीचा माणूस नवीन काम काय शिकेल? आमच्याकडे खाणीसाठी जमिनी घेताना घरटी एक नोकरी म्हणाले होते, त्या घरांतली पोरं म्हातारी होत आली. तर ती म्हणाली, पण इथं निदान विचार केलाय, तुमच्याकडे खाण बंद न करताच लोकांना सोडून दिलं. तरीही मी तिला हो म्हणालो नाही. पंप बंद केला की खाण दोन पावसाळ्यांत तळं होते, आणि त्या तळ्याकाठच्या वस्तीत मग कोणी विचारायला येत नाही. हे मी पाहिलंय आणि ते कोणाच्या योजनेत नव्हतं.

शनिवारी मुलगा म्हणाला, “उद्या तुम्ही तिथे काही बोलणार नाही, असं कबूल करा. नाहीतर घरीच थांबा.”

“कबूल करत नाई. आन् येतो.”

कोलोनच्या गाडीत आम्ही चौघं समोरासमोर बसलो होतो. वाटेत लांबवर कोळशावरच्या वीजकेंद्राच्या चिमण्यांची वाफ दिसत होती. नात तिकडं बोट दाखवून माझ्याकडं बघायची, मी खिडकीतून दुसरीकडं बघायचो.

हॉल एका चर्चच्या मागं होता. वडे, चहा, लहान पोरांचा गोंधळ. सूत्रसंचालन करणारे गृहस्थ पुण्याचे, इथं बरीच वर्षं असलेले, फार गोड बोलणारे. आधी एक बाई ‘पेलतील’ या बाजूनं बोलल्या. त्यांना आकडेच फार. मग माझा मुलगा उठला. बोलला झकास, लोक हसले, टाळ्या वाजल्या. ते खिशाचं वाक्य त्यानं गाळलं. माझ्या लक्षात आलं. त्याच्या आईसारखाच आहे, चूक कबूल करणार नाही, पण पुन्हा करणारही नाही. मी मनात म्हटलं, चला, एवढं तरी.

पण ते गृहस्थ माइक घेऊन म्हणाले, “फारच मुद्देसूद. आणि एक मुद्दा मी जोडतो हं. अमेरिकेला कशाला जायचं, आपल्याकडेच बघा ना. फुकट सीटा वाटून वाटून काय झालं? जे खरे हुशार, ते सगळे शेवटी इथे या हॉलमध्ये येऊन बसले.”

हॉल हसला. सगळा नाही, पण पुष्कळ हसला. वडे खाता खाता हसला. मी उभा राहिलो. सुनेनं माझी बाही धरली, मी सोडवली.

“अरे वा, काकांना बोलायचंय,” गृहस्थ म्हणाले. “या ना काका, या. अनुभवाचे बोल ऐकू द्या आम्हाला.”

त्यांनी माइक माझ्या हातात दिला. मुलगा तिथंच बाजूला उभा होता. मी त्याच्याकडं पाहिलं. त्याचा चेहरा असा झाला होता, जसा शाळेत पहिल्यांदा सोडायला नेला तेव्हा होता. माझ्या तोंडात शब्द तयार होते, सगळे, होस्टेलपासून बसच्या पासापर्यंत. मी ते बोललो असतो तर लोक म्हणाले असते, म्हातारा बोलला. म्हाताऱ्याला काय, महिन्याभरानं विमानात बसून जाईल. राहायचं याला आहे.

मी माइक त्याच्या छातीशी धरला. “मी नाई बोलत,” मी म्हणालो. “याचं हाये. यालेच तोंड हाये.”

तो घेईना. मी हात खाली केला नाही. शेवटी त्यानं घेतला.

“मला ही बाजू दिली होती, ती मी मांडली,” तो म्हणाला. आवाज बारीक झाला होता. “पण माझं मत तसं नाही. आठवीपासून मी स्कॉलरशिपवर शिकलो. राहिलो समाजकल्याणच्या होस्टेलला. आत्ता हसलात ना, ती सीट माझी होती. इथेही फी भरली नाही, पण इथलं फुकट तर तुमच्यापैकी निम्म्यांनी घेतलंय, त्यावर कोणी हसत नाही. एवढंच.”

गृहस्थ म्हणाले, “अरे अरे, तुमच्याबद्दल कुठे बोलत होतो आम्ही. तुम्ही तर अपवाद.”

“नाही,” तो म्हणाला. “माझ्याबद्दलच होतं.”

मग गृहस्थांनी घाईघाईनं चहा जाहीर केला. त्या उमेदवाराच्या योजना पेलतील की नाही, यावर हात वर करायचे राहूनच गेले. चहाला लोक आमच्याभोवती आले नाहीत असं नाही. आले. एक जण म्हणाला, आमचे खूप मित्र आहेत तुमच्यातले. आकडेवाल्या बाईंनी मुलाचा हात धरला, दाबला आणि सोडला. त्याच्या ऑफिसातले दोघं लांबूनच हात हलवून निघून गेले. मी प्रत्येकाकडं डोळे वटारून बघत होतो. सून म्हणाली, “बाबा, पुरे आता.” पुरे कसलं. मुलानं सांगितलं म्हणून माझा राग गेला नव्हता, उलट त्याला आता जायला जागा मिळाली होती.

स्टेशनवर गाडीला वेळ होता. एक तरुण इंजिनियर धापा टाकत प्लॅटफॉर्मवर आला. हॉलमध्ये आमच्या पुढच्याच रांगेत होता तो. त्यानं मुलाला बाजूला घेतलं, पण माझे कान अजून चांगले आहेत.

“दादा, मी पण तसाच आलोय,” तो म्हणाला. “अमरावतीचं होस्टेल. तुम्ही बोललात ते फार भारी होतं. पण प्लीज, माझं कोणाला सांगू नका हं.”

मुलानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “नाही सांगत.”

मी मधे पडलो. “मंग तू पुढच्या रांगेत बसून हसला काऊन?”

तो खाली बघू लागला. “सगळे हसले, आजोबा.”

“आमी चौघं नाई हसलो.”

मुलगा म्हणाला, “बाबा, सोडा त्याला. मला सोळा वर्षं लागली.” गाडी आली. तो तरुण गेला नाही, दार बंद होईपर्यंत आमच्या डब्यासमोर उभा राहिला. मी त्याला हात केला नाही. नातीनं केला.