बाळाबाईंचा बाक

सुलाबाई बेळगावात नर्स म्हणून निवृत्त झाली आणि पहिलं काम तिनं केलं ते हे, की आईच्या नावाचा दगडी बाक करायला टाकला. आई बाळाबाई, निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत राबून दोन लेकींना शिकवणारी, गेल्या उन्हाळ्यात वारली होती. बाक बसवायचा होता गावच्या स्टँडवर.

दगड कोरणाऱ्या महादेवकडं मजकुराचे ठरलेले नमुने होते. "कैलासवासी बाळाबाई, आणि पुढं नवऱ्याचं नाव काय घालू?"

"आमी बुद्धाची माणसं. आई कैलासात कशाला जाईल? कालकथित लिवा. आन् नवऱ्याचं नाव नको. त्यो आमाला टाकून गेलता."

"मग नुसतं स्मरणार्थ?"

"न्हाय. मी सांगते तसं लिवा."

पंचायतीची परवानगी होती. बाक स्टँडवर उतरला तशी माणसं गोळा झाली. काळ्या दगडावर पांढरी अक्षरं होती: 'कालकथित बाळाबाई. या इथे आयुष्यभर उभ्या राहिल्या. तुम्ही बसा.'

तरण्या पोरांनी अर्थ विचारला. म्हाताऱ्यांना विचारावं लागलं नाही. स्टँडवरच्या पिंपळाच्या पारावर कुणी बसायचं आणि कुणी नाही, हे त्यांच्या काळी ठरलेलं होतं. बाळाबाई पोटुशी असतानासुद्धा रस्त्याच्या कडेला उन्हात उभी असायची. आपण का बसत न्हाय, असं सुलानं लहानपणी विचारलं होतं. "उभं ऱ्हायलं की गाडी लांबनं दिसती," आई म्हणाली होती. सुलाला ते कित्येक वर्षं खरंच वाटत होतं.

पंचायतीचे सदस्य मारुतीराव आले. वाचून त्यांचा चेहरा उतरला.

"सुलाक्का, बाक झ्याक हाय. पर ह्यो मजकूर म्हंजे गावाची बदनामी. तुमच्या विहारापुढं लई जागा हाय, तिकडं बसवा."

"विहारापुढं आई रोज बसायची, अण्णा. हितं बसली न्हाय."

मारुतीरावांनी विषय ग्रामसभेत नेला. सुलाबाई सगळ्यात पुढच्या खुर्चीवर जाऊन बसली. 

"हलवा बाक," ती उठून म्हणाली. "पर ठरावात कारण लिवा. आई तितं उभी न्हवती असं लिवा, न्हायतर का उभी हुती त्ये लिवा. आन् खाली सह्या करा."

ठराव लिहायला बसलेल्या पंचायतीच्या अधिकाऱ्यांनी पेन उघडलं. कारण काय लिहू, म्हणून आधी कन्नडमधून विचारलं, मग मराठीतून. मारुतीरावांनी मागं वळून बघितलं. मागची माणसं खाली बघत होती. कुणीतरी पाण्याच्या टाकीचा विषय काढला आणि सभा घाईघाईनं तिकडं वळली.

सुलाबाई खाली बसली नाही. "बाक ऱ्हायला न्हवं मग? व्हय का न्हाय, तोंडानं सांगा."

"ऱ्हाऊ दे," मारुतीराव पुटपुटले.

"ऐकू आलं न्हाय, अण्णा."

"ऱ्हाऊ दे म्हटलं की!"

ती स्टँडवर आली तेव्हा निपाणीच्या वखारीला निघालेल्या बायका पिशव्या मांडीवर घेऊन बाकभर बसल्या होत्या.

"सरका गं जराशा," म्हणत सुलाबाई त्यांच्यात शिरली आणि अंग सैल सोडून बसली.