तपासणीच्या बोअरचं कुलूप

चहाचा कप आधी खाली ठेवा, मग ऐका. हसताना चहा सांडला तर मला बोलायचं नाही! या किश्शातला मूर्खपणा सर्वस्वी माझा आहे.

मी सोलापूरच्या एका लॅबसाठी पाण्याचे नमुने गोळा करतो. सांगोल्याकडे डिझेल विकणारा एक पंप बंद झाला. त्याची जमिनीखालची जुनी टाकी उकरून काढली, पण डिझेल पाण्यात झिरपलंय का हे कळेपर्यंत खड्डा बुजवायचा नव्हता. म्हणून खड्डा आणि शेजारच्या छबूमावशींचं बोअर यांच्या मध्ये तपासणीसाठी एक वेगळं बोअर मारलं. तोंडावर लोखंडी झाकण, झाकणाच्या मधोमध कुलूप, किल्ली माझ्याकडे. महिन्यातून एकदा जायचं, बाटली भरून आणायची. किती सोपं काम!

पहिल्या महिन्यात पाणी स्वच्छ. दुसऱ्या महिन्यात डिझेलचा अंश. तिसऱ्यात त्याहून जास्त!

मी गंभीर चेहरा करून मावशींकडे गेलो. "मावशी, तुमच्या बोअरचं पाणी तूर्त प्यायचं नाही. डाळिंबालाही द्यायचं नाही."

"आन मग काय करायचं?"

"टँकर येईल ना."

"जल्मभर टँकरमागं पळून दमलो, म्हनून तर बोअर मारलं की! आन त्यो खड्डा कवा बुजवनार? शेळ्या पडतील म्हनून बांदूनच ठेवल्यात."

मला फार वाईट वाटलं. मग मी महिन्याऐवजी दर आठवड्याला जायला लागलो. हातमोजे काय, नव्या बाटल्या काय! आणि गंमत बघा, मी जितक्या फेऱ्या मारीन तितकं डिझेल वाढायचं. लॅबच्या मॅडम म्हणाल्या, "खाली अजून काहीतरी मुरलेलं असणार." झालं! खड्डा आणखी खोल खणला. मावशींची डाळिंबं सुकायला लागली.

एके सकाळी मावशी बांधावर बसून माझं काम बघत होत्या. मी नेहमीप्रमाणे पिशवीतून छोटी बाटली काढली.

"सायेब, कुलपात काय वतताय?"

"डिझेल. पावसानं गंजलंय हो, त्याशिवाय किल्लीच फिरत नाही."

"व्हय? आन पान्यात काय हुडकताय?"

"डिझेल."

मी झाकण उघडून त्याच्या आतल्या बाजूनं बोट फिरवलं आणि वास घेतला. कुलपातलं डिझेल झाकणाला कुलपासाठी पाडलेल्या भोकातून सरळ बोअरच्या पाइपात उतरत होतं!

"लई शिकलायसा वो तुमी," मावशी म्हणाल्या.

कुलूप बदललं, बोअर उपसून साफ केलं. नंतरचे सगळे नमुने स्वच्छ आले. खड्ड्यात मुरूम भरला, शेळ्या सुटल्या, मावशींचं बोअर पुन्हा सुरू झालं.

शेवटच्या अहवालात 'प्रदूषणाचा स्रोत' असा एक रकाना असतो. मॅडमनी पेन माझ्यापुढे सरकवलं. मी माझं पूर्ण नाव लिहिलं, हुद्द्यासकट.