पावसाने न धुतलेली भाजी

सगुणाबाई सिन्नरजवळ सोमनाथच्या टोमॅटोच्या शेतात खुरपायला जातात. नवरा सावळीराम आमच्या कारखान्यात रखवालदार. सरीत उगवलेला तांदुळजा भाजीला घरी न्यायची त्यांची जुनी रीत. फवारणी झालेली असली, तर त्या पाल्याला हात लावत नाहीत. मात्र रात्री जोराचा पाऊस झाला, की औषध वाहून गेले असे धरून सकाळी ओटीभर खुडतात. तिथल्या सगळ्याच बायका असे करतात. सोमनाथही दर पावसानंतर पुन्हा फवारायचा, त्यामुळे कोणाला त्यात वावगे वाटले नव्हते.

परवाच्या पावसानंतर त्यांनी अशीच भाजी आणली, एकाच पाण्यातून काढली, परतली आणि सावळीरामच्या डब्यात भरली. मग त्या शेतावर गेल्या. सोमनाथ खुशीत होता.

"मावशी, आज फवारणीला सुट्टी! काल औषधात स्टिकर, म्हंजी चिकटवायचं द्रव्य, टाकलं व्हतं. आता कितीबी पाऊस येऊ दे, पानावरनं हलत नाय."

"तणावरनं बी नाय?"

"पडलं तिथं चिकटलं."

सगुणाबाई ओरडल्या. "अरे, तिथलाच तांदुळजा ह्यांच्या डब्यात हाय!"

सावळीरामचा फोन लागेना. सोमनाथने औषधाची बाटली पिशवीत टाकली आणि मावशींना मोटरसायकलवर बसवले. वाटभर त्या त्याच्या खांद्यात बोटे रुतवून एकच विचारत होत्या, "काय हुईल रं त्यांला?" तो गाडी पिटाळत होता.

कारखान्याच्या फाटकाशी ओरडा ऐकून मी बाहेर आलो. सावळीराम नळावर डबा धूत होता.

"भाजी खाल्ली?"

"खाल्ली की. का गं, मीठ इसरलीस?"

सोमनाथने घाईघाईने सगळा प्रकार सांगताच मी गाडी काढली. रुग्णालयात डॉक्टरांनी बाटलीवरचा मजकूर वाचला, सावळीरामला तपासले आणि संध्याकाळपर्यंत ठेवून घेतले. सगुणाबाई खाटेशी उभ्याच राहिल्या. त्याने डोळे मिटले, की त्या त्याला गदागदा हलवायच्या.

"औषधानं नाय मेलो, तर तुझ्या हिसक्यांनी मरंन," तो करवादला.

"शिव्या द्या, पण डोळं उघडं ठेवा."

दिवेलागणीला डॉक्टरांनी पुन्हा तपासले आणि घरी जायला सांगितले. सावळीराम टुणकन उठला. "लय भूक लागली. काय करतेस जाऊन?"



"आज तुम्हीच करा," सगुणाबाई म्हणाल्या. "माझा मला भरवसा नाय."