पोटाची साक्ष

भुसावळ सुटलं आणि शंकरने भज्यांची आणखी एक पुरचुंडी सोडली. आधीच्या चाळीसगावच्या आतच संपल्या होत्या. शंकर म्हणजे माझा मेहुणा आणि बैलांच्या धंद्यातला भागीदार. संगमनेरहून निघताना माझ्या बायकोने भावाला बजावलं होतं की दाजींना सांभाळ. तो भजी सांभाळत होता. मी समोर ताकाची बाटली मांडीवर धरून बसलो होतो.

माझी तक्रार इथेच सांगून टाकतो, म्हणजे पुढचा प्रवास मोकळेपणाने करता येईल. आदल्या वर्षी चंदनापुरीच्या घाटात आमचा बैलांचा ट्रक उलटला. शंकर बाहेर फेकला गेला, त्याला साधं खरचटलंही नाही. मी मोडक्या फळ्या आणि एक खिल्लारी बैल यांच्याखाली अडकलो. हाडं जुळली, पण पोट बिघडलं ते बिघडलंच. चार घास गेले की आतून कोणी कपडा पिळावा तसं होई. नाशिकच्या डॉक्टरांनी काही सापडत नाही म्हणून सांगितलं, आणि शंकरने ते सगळ्या बाजारात पसरवलं. दाजींना काही झालेलं नाही, पायपीट नको म्हणून पोट धरून बसतात. एका गोऱ्ह्यापासून मी धंदा उभा केला, आणि मला कामचुकार ठरवलं ते माझ्याच घरच्या माणसाने.

त्यामुळे अमरावतीच्या डॉक्टरांविषयी ऐकलं तेव्हा मी लगेच निघालो. अपघातातून उठलेल्या माणसांची पोटं का बिघडतात, याचा ते शोध घेत होते आणि अशी माणसं बोलावून तपासत होते. शंकरला मुद्दाम बरोबर घेतलं. मला औषध हवं होतंच, पण त्याहून जास्त साक्षीदार हवा होता.

अकोल्यापर्यंत खिडकीतून एकच रंग दिसत होता, काळा. अशी जमीन की बैलाला नांगर ओढताना घाम फुटलाच पाहिजे. इथले लोक आमच्याकडचे बैल का घेतात ते मला तिथे कळलं. मधूनमधून कापसाच्या गाड्या दिसत. इतक्या फुगलेल्या की बैल झाकून जावेत आणि गाडी आपोआप चालल्यासारखी वाटावी.

मुक्काम अकोल्यात, जठारपेठेतल्या एका वकिलांकडे होता. त्यांच्या शेतावर आमची बैलजोडी गेलेली. त्या दिवशी घरामागे रोडगे (गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे जाड गोळे) लावले होते आणि सोबत वांग्याची भाजी होती. तिच्या नुसत्या वासाने डोळ्यांत पाणी आलं. इथे पाहुण्याने हात आखडला तर घरच्या बाईला तो अपमान वाटतो. मी भात आणि ताक मागितलं तशा वकीलीणबाई हात कमरेवर ठेवून उभ्या राहिल्या.

"काहून जी, आमच्या हातचं गोड नाही लागत काय?"

मी पोटाचं सांगितलं. त्यांनी शंकरच्या ताटाकडे पाहिलं. तो तुपात बुडवलेला रोडगा मोडत होता, आधीच्यांची गणती सोडून दिलेली बरी.

"अन् हे तुमच्या वाट्याचं जेवून राहिले काय?" असं म्हणून त्यांनी त्याला अजून एक वाढला. वकीलसाहेब इतके हसले की त्यांना ठसका लागला.

सकाळी बडनेऱ्याला गाडी बदलून अमरावतीला उतरलो. स्टेशनाबाहेर टांगेवाल्याने जे भाडं सांगितलं ते ऐकून माझं डोकं फिरलं. मी घोड्याचं तोंड उघडून दात पाहिले, गुडघे दाबले, खुरं पाहिली आणि हे जनावर पुढच्या वळणावर बसणार असं जाहीर केलं. टांगेवालाही तयारीचा होता.

"सेठ," तो म्हणाला, "तुमी टांग्यात बसून राहिले का घोडा इकत घेऊन राहिले?"

माणसं जमली. दोघांच्या बाजूने बोलणारे निघाले. तेवढ्या वेळात आम्ही चालत पोचलो असतो. अखेर माझ्या भावात टांगा ठरला आणि मी राजासारखा बसलो. या भांडणात मला पोटाची आठवणही झाली नव्हती, पण हे ध्यानात आलं ते नंतर.

डॉक्टर ठेंगणे, शेतकऱ्याच्या घरातले, आणि डोळ्यांवर लाल काचांचा चष्मा. अंधारात नीट दिसावं म्हणून तो आधीपासून घालून बसावा लागतो, असं ते म्हणाले. त्यांनी आधीच कळवलं होतं, म्हणून रात्रीच्या ताकभातानंतर मी उपाशीच होतो. आता खडूच्या पाण्यासारखं पांढरं काहीतरी प्यायला दिलं. हे पोटात गेलं की क्ष-किरणांच्या पडद्यावर पोटाची हालचाल दिसते. मी विचारलं, यात थोडं मीठ घालता येईल का? नाही म्हणाले. जिरं? तेही नाही. मग खोली काळोखी केली आणि पडदा हिरवट उजळला. शंकरला त्यांनी स्वतःच्या शेजारी उभं केलं.

"अपघात कसा झाला ते सांगा," डॉक्टर म्हणाले.

मी सांगायला लागलो. घाट, वळण, तो आवाज, अंगावरच्या बैलाचा श्वास. पोटात पीळ बसला.

"हे पाहा," डॉक्टर शंकरला हळूच म्हणाले, "आता चालू होतं, आता थांबलं. गच्च झालं."

शंकर पडद्याकडे आणखी वाकला.

मग डॉक्टर सहज बोलावं तसं म्हणाले की वर्षभर मिरची बंद. वर्षभर! मी तिथेच पेटलो. तोंडाने काही जमेना, तेव्हा खांद्यावरचं उपरणं हातावर टाकलं आणि त्याखाली डॉक्टरांचा हात ओढून घेतला. बैलबाजारात आम्ही असाच भाव करतो, बोटं धरून, कोणाला न दिसता. डॉक्टरांना ती भाषा येत होती. त्यांनी धरलेलं बोट मी सोडवलं, माझं धरलं, त्यांनी झिडकारलं, मी पुन्हा धरलं. काळोखात दोघे झटापट करत होतो.

"दाजी," शंकर ओरडला, "चाललं! पोट चाललं!"

डॉक्टर हसू लागले. दिवा लावून म्हणाले, "आत जखम नाही. पण तो ट्रक तुमच्या पोटात अजून उलटून राहिला. दुखणं खरं आहे. तुमी बाजारात जा, भाव करा, अन् अपघाताचं मनात नका ठेवू, बोला." शेवटी रोज एका मिरचीवर सौदा पटला.

जिंकलो म्हणून मी शंकरकडे वळलो. वर्षभर जपून ठेवलेले शब्द ओठांवर होते. तो भिंतीला टेकून खाली बसला होता.

"दाजी, तुम्ही खाली अडकले तेव्हा मला वाटलं, तुम्ही गेले. मी कडेला बसून राहिलो. हलताच येईना. लोकांनी तुम्हाला काढलं." मग तो म्हणाला, "तुम्हाला काही झालंच नाही असं मी सगळ्यांना सांगत होतो. मलाही तसंच वाटावं म्हणून. तेव्हापासून कितीही खाल्लं तरी पोट रिकामंच लागतं."

मी त्याच्या शेजारी जमिनीवर बसलो. डॉक्टरांनी लाल चष्मा पुन्हा चढवला आणि शंकरसमोर पांढऱ्या पाण्याचा पेला ठेवला.

शंकरलाही तेच पथ्य लागलं, तेव्हा परतीच्या वाटेवर अकोल्याला वकीलीणबाईंना दोन ताकभात वाढावे लागले. त्यांनी आम्हा दोघांकडे पाहून कपाळाला हात लावला आणि आमच्या पथ्यावर तोडगा म्हणून एक हिरवी मिरची शिदोरीत बांधून दिली. दोघांत एक.

गाडीत मी घाटाची गोष्ट पुन्हा सांगितली. जिथे मला आठवत नव्हतं तिथे शंकरने सांगितली. मनमाड जवळ आलं तेव्हा पोट पिळलं, पण हलकेच, ओळख दिल्यासारखं.

गावी शंकर बाजारात काय सांगणार, याची मला आता काळजी नव्हती. डोळ्यांनी पाहिलेलं तो लपवणारा नव्हता. प्रश्न मिरचीचा होता. मी उपरणं पसरलं, त्याने हात आत घातला, आणि डब्यातले लोक माना वळवून पाहू लागले. मी आयुष्यात कुणाला भाव सोडला नाही. त्या दिवशी घासाघीस न करता त्याचं बोट धरलं आणि धरूनच ठेवलं. मिरची अर्धी त्याने खाल्ली, अर्धी मी, आणि दोघांच्याही डोळ्यांत पाणी आलं. मिरची वऱ्हाडची होती.