साडूंची खडीसाखर

दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ द्यायचं नाही, या एका व्रताला माझे साडू जितके जागले तितका माणगंगेच्या काठावर दुसरा कुणी कशालाही जागला नसेल. माझं लग्न झाल्यापासून मी त्यांच्याशी बोलतो आहे आणि माझं एकही वाक्य पूर्णविरामापर्यंत पोचलेलं नाही. माणूस दगड फोडून दमतो, नांगर धरून दमतो. मी साडूंचं ऐकून दमलो. अधूनमधून एखाद्या रविवारी ते म्हसवडहून एस.टी.नं सांगलीला आमच्याकडे येत आणि सोमवारी मी ऑफिसात तापातून उठल्यासारखा बसे. एकदा आमच्या व्हरांड्यातल्या खुर्चीचा पाय मोडला होता. ते पायऱ्या चढताना दिसले तसा मी घाईनं म्हणालो, "त्या खुर्चीवर—" "बसतो की पाव्हणं, किती आग्रह करताय," असं म्हणून ते बसले, आणि पुढचा सगळा विषय त्यांनी जमिनीवरूनच पुरा केला.

साडू म्हसवडच्या पलीकडे मेंढपाळांच्या एका वाडीवर शिक्षक आहेत. वर्गात "भागाकार म्हणजे काय?" असं विचारायचे आणि त्याच श्वासात उत्तरही द्यायचे. पोरांच्या वाट्याला एवढंच उरे: "व्हय गुरुजी." पुढे शाळेत मोठा पडदा आला, मोबाइलवर धडे आले, प्रशिक्षणं आली आणि प्रशिक्षणाला बसल्याचे फोटो पाठवणं आलं. बाकीचे गुरुजी वैतागले, साडू खुलले. आपला आवाज साठवून ठेवता येतो, हे त्यांना प्रथमच कळलं होतं. त्यांनी स्वतःच्या पाठांचे व्हिडिओ केले आणि वर्गात लावले. पडद्यावरचे गुरुजी बोलू लागले तसा बाजूला उभ्या गुरुजींना दम निघेना. त्यांनी पडद्यावरच्याचं वाक्य मध्येच तोडलं आणि स्वतः पुरं केलं. पोरांनी दोघांनाही "व्हय गुरुजी" म्हटलं. हे मला साडूंनीच सांगितलं, तेही तक्रारीच्या सुरात: "पडद्यावरचा गडी लय रेटून बोलतोय, पाव्हणं. कुणाचं ऐकतच न्हाई."

या सगळ्या बोलण्याच्या तळाशी एक थकवा होता, तो मला उशिरा दिसला. दिवाळी झाली की वाडीतली बरीच घरं मेंढरं घेऊन कृष्णाकाठाकडे उतरतात आणि पोरंही त्यांच्यामागून जातात. उन्हाळा संपता संपता परततात ती निम्मं विसरून. काही शाळेकडे फिरकतच नाहीत. दर वर्षी शिकवायचं आणि दर वर्षी ते असं पुसलं जायचं. त्या वर्षी चौथीतली कोमल निघाली. वर्गात कधी तोंड न उघडलेली पोर. तिच्या बापानं जाताना सांगून टाकलं, "आवं गुरुजी, आल्यावर हिला जमलं तर पाचवीला घालू. न्हाईतर मेंढरं हायतीच." साडूंनी त्याचा नंबर घेतला आणि मोबाइलवर आवाजाचे निरोप धाडायला सुरुवात केली. एकेक निरोप कीर्तनाएवढा. पलीकडून मात्र हूं की चूं नाही.

मग एका रविवारी ते आमच्या व्हरांड्यात आले तेच मोबाइल उंच धरून. कोमलनं निरोप पाठवला होता. त्यांनी लावला. वारा, मेंढरांचा गलका आणि त्यातून पोरीचा खणखणीत आवाज: "गुरुजी, भागाकारात बाकी उरली की—"

"बाकी म्हंजे गं," असं म्हणून साडू मोबाइललाच समजावू लागले. ते थांबले तोवर निरोप संपला होता. मी म्हणालो, "ती पुढं काहीतरी—" "ऐकूया की," म्हणून त्यांनी पुन्हा लावला आणि पुन्हा त्याच जागी "बाकी म्हंजे" सुरू झालं. तिसऱ्या खेपेला माझी बायको आतून आली. "दाजी, आ करा," म्हणाली आणि शेंगदाण्याचा अख्खा लाडू तिनं त्यांच्या तोंडात भरला. साडू चावत राहिले. निरोप प्रथमच शेवटपर्यंत गेला.

"...बाकी उरली की पुस्तकात तशीच सोडत्यात. आमी मेंढरं सात वाघरींत, जाळीच्या कुंपणात, सारखी वाटून कोंडली, तर चार उरली. ती उघड्यावर कशी सोडायची? लांडगा हाय. तुमाला इचारायचं हुतं, पर तुमचं ऐकता ऐकता बाच्या मोबाइलची बॅटरी संपती. शाळंत बी इचारायचं ऱ्हायचंच."

लाडू गिळून साडूंनी निरोप पुन्हा लावला आणि मध्ये न बोलता ऐकला. चहा आला, निवला, त्यावर साय धरली. मग ते म्हणाले, "शाळंत बी ऱ्हायचं म्हणती."

परतताना त्यांनी स्टँडसमोरच्या दुकानातून खडीसाखर घेतली. दुसऱ्या दिवसापासून वर्गात नवा कायदा झाला: गुरुजींनी तोंडात खडा टाकला की तो विरघळेपर्यंत बोलायचं पोरांनी. कोमलचा प्रश्न त्यांनी पडद्याच्या स्पीकरवर लावला आणि खडा गालात धरून भिंतीला टेकून बसले. पोरं आधी गुरुजींच्या गालाकडेच बघत बसली. मग एक म्हणालं, सातातल्या चार वाघरींत एकेक ढकल. दुसरं म्हणालं, मग वाटणी सारखी कुठं राहिली? वर्ग पेटला. ते भांडण पोरांनीच मोबाइलवर भरून धाडलं. तिकडून कोमलचं उत्तर आलं, "येड्यांनो, चारांसाठी धाकली वाघर करायची," आणि वर तिचे आणखी तीन प्रश्न. कृष्णेत एवढं पाणी आहे, मग आपल्याकडं का नाही, हा त्यातला एक. त्यावर वाडीवर अजून भांडण चालू आहे. साडू मला म्हणाले, "बोलण्यापरीस गप बसून लय दमायला हुतंय, पाव्हणं."

उन्हाळ्याअखेर मेंढरं परतली. कोमलचा बाप तिला घेऊन शाळेच्या दारात आला. "गुरुजी, वाटंभर इचारून इचारून डोस्कं खाल्लं हिनं. मेंढरं बी वैतागली. घाला पाचवीला." साडूंनी तोंडातला खडा कडकन फोडला आणि एकच शब्द बोलले, "व्हय."

परवा ते पुन्हा आले. केस पिकलेत, पायऱ्या चढताना कठडा धरतात, निवृत्ती जवळ आलीय. खुर्ची केव्हाच दुरुस्त झालेली आहे, तरी सवयीनं माझ्या तोंडून गेलं, "त्या खुर्चीवर—"

साडू थांबले. गालात खडीसाखर, मान जराशी कललेली, मागच्या बाकावरच्या अबोल पोराकडे बघावं तसे माझ्याकडे बघत. ते मध्ये पडतील म्हणून मी थांबलो होतो. मी पुढे बोलेन म्हणून ते थांबले होते. इतक्या वर्षांत ते वाक्य पुरं करायची वेळच आली नव्हती. पुढचे शब्द मला काही केल्या सुचेनात.