पाण्याच्या पुढे दोन सायकली: नाशिक ते पैठण

माझी बायको मालती चैत्रात गेली. तेव्हापासून आमची मुलगी मुक्ता रोज संध्याकाळी एकच विचारायची, "बाबा, आज कुणाशी बोललात?" माझं उत्तर बहुधा "दूधवाल्याशी" असायचं. घरात बोलायचं काम मालतीचं होतं. मी वाळूजच्या कारखान्यात नकाशे काढले आणि घरी मान हलवली. पुण्याची नोकरी हातात असूनही मुक्ता मला एकटं सोडून जाईना. मी जा म्हणालो, तर म्हणाली, "आधी गोदावरीकाठानं माझ्याबरोबर सायकलवर चला. मग ठरवते."

दिवाळी आम्हाला नव्हतीच. ती सरली आणि सायकली टेम्पोत टाकून आम्ही नाशिकला गेलो.

पहिला मुक्काम गंगापूर धरणाजवळच्या द्राक्षबागांत. इथं वाईन चाखायला देतात. शनिवार-रविवार टाळलात तर गर्दी नसते. मुक्तानं तिचा पेला माझ्यापुढे केला. मी घोट घेतला. "आंबट आहे."

"चला, सकाळपासूनचं पहिलं वाक्य!"

शेजारच्या बागेचा मालक बांधावर उभा होता. संभाजीनगरचे आहोत कळल्यावर हसत म्हणाला, "म्हणजे तुम्हीच ते! तुमच्यासाठी नदी सोडलीय काल, अन् माझ्या बागेला टँकर." आमच्याही कॉलनीत नळ आठवड्यातून एकदा येतो, आणि पैठण रोडला रोज नवी इमारत उठते, हे सांगता आलं असतं. मी मान हलवली. त्यानं मात्र चहा पाजूनच सोडलं.

तेव्हा कळलं की दुष्काळामुळे वरच्या धरणांतलं पाणी आमच्या शहराला पुरवणाऱ्या पैठणच्या जायकवाडी धरणाकडे निघालंय आणि आमचा रस्ताही तोच आहे. नांदूरमधमेश्वरला बंधाऱ्याच्या दरवाज्यांतून पाणी उसळताना पाहिलं. पुढे आम्ही पाण्याला मागे टाकलं. काठाचे रस्ते अरुंद, दोन्हीकडे ऊस, बाभळीचे काटे भरपूर. पंक्चरचं सामान जास्तीचं ठेवा. कोपरगावला लॉज साधं पण स्वच्छ मिळालं. तिथला पेशव्यांचा वाडा आणि पुणतांब्याचं चांगदेवाचं मंदिर उन्हाच्या आत पाहून घ्या.

गावोगावी लोक सायकली अडवून विचारत, "पाणी कुठवर आलं?" पाणी कुणी उपसू नये म्हणून काठावरच्या मोटारींची वीज बंद होती, आणि विहिरींना नदी भरण्याचीच आशा. आधी मुक्ताच उत्तर द्यायची. पुणतांब्याच्या पुढे एका गावात पुलाजवळ चहाला थांबलो, तेव्हा ती हवा भरायला गेली होती. टपरीवाल्या मावशींनी मलाच धरलं.

"दादा, पाणी पाहिलं व्हय?"

मी वेग, अंतर मनात मांडलं आणि सांगितलं, "दिवस मावळायच्या आत इथं येईल."

मावशींनी लगेच पुलावरून हाक दिली. बघता बघता बायका, म्हातारे, शाळेतली पोरं जमली. कुणी नारळ आणला, कुणी हळदकुंकू. आमच्याकडे दुष्काळात आलेल्या पाण्याची ओटी भरतात. सूर्य कलला. नदीत वाळूच.

"दादांचं पाणी पायी निघालंय वाटतं!" एक आजोबा म्हणाले. सगळे हसले.

माझी चूक मला तेव्हा उमगली. वाटेतले बंधारे मी हिशेबात धरलेच नव्हते. ते भरल्याशिवाय पाणी पुढं सरकत नाही. मुक्ता कानाशी म्हणाली, "बाबा, निघू या? अंधाराआधी पुढचा मुक्काम गाठू."

"नाही," मी म्हणालो. "मी सांगितलंय यांना. थांबू."

मग त्या सगळ्यांना मी बंधाऱ्यांचं गणित समजावून सांगितलं. वाळूवर काडीनं नदी काढली, बंधारे काढले. आजोबांनी दोन राहिलेले दाखवले. मावशींनी पडवीत झोपायला जागा दिली, आणि बाजरीची भाकरी, ठेचा. त्यांनी मालतीबद्दल विचारलं. मी सांगितलं. बरंच सांगितलं. मुक्ता ताटावर हात ठेवून ऐकत राहिली.

पाणी सकाळी आलं. आवाज नाही, लाट नाही. काडीकचरा आणि फेस पुढे ढकलत, खड्डा भरला की पुढच्या खड्ड्याकडे. "आलं की हो दादा!" म्हणत मावशींनी हातातला नारळ मलाच दिला. तो मी पाण्यात सोडला.

पुढचा प्रवास सोपा. कायगाव टोक्याला दगडी घाट आणि सिद्धेश्वराचं कोरीव मंदिर आहे; तिथं निवांत बसा. पैठणच्या जुन्या गल्ल्यांत मात्र सायकल हातात धरून चालावं लागतं. तिथून घरापर्यंत रस्ता रुंद आहे, पण डंपर सांभाळा.

मुक्ता आता पुण्यात आहे. संध्याकाळी फोन येतो, "बाबा, आज कुणाशी बोललात?" परवा सांगायला सुरुवात केली: मावशींच्या विहिरीला पाणी आलंय, आजोबांनी गहू पेरायला काढलाय, कॉलनीतल्या दोघांना सायकली घ्यायच्यात...

"बाबा, थांबा," ती म्हणाली, "माझी बस आलीय. चढते आणि परत लावते."